दगडाचं घर आणि त्याच्यावरचा आरोप

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय आहे मराठवाड्यातलं जुनं दगडी घर. नेमकं सांगायचं तर लातूर आणि धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांतलं, तेरणेच्या काठाकाठानं वसलेल्या गावांतलं घर. वाडा म्हटलं की आपल्याला पुण्याचे, वाईचे, सरदारांचे वाडे आठवतात. त्यांच्यावर पुस्तकं आहेत, फोटो आहेत. मी बोलणार आहे ते साध्या कुणब्याच्या, पाटलाच्या, वाण्याच्या, दोन-चार चौकटींच्या घराबद्दल. या घरांवर शिलालेख नाही, तारीख नाही. ‘आजोबांच्या आजोबांनी बांधलं’ एवढीच त्यांची नोंद.

पुस्तकाचं परीक्षण करतो तसं आपण आज या घराचं परीक्षण करू. म्हणजे कौतुकही नाही आणि श्रद्धांजलीही नाही. काय चांगलं होतं, काय चुकलं, का चुकलं, आणि त्याच्याबद्दल आपण जे बोलतो ते कितपत खरं आहे, हे बघायचं.

या घराबद्दल दोन मतं सारखी कानावर येतात. पहिलं मत असं, की ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे या दगडी घरांनी माणसं मारली. दुसरं मत बहुतेक शहरातून येतं: काय ती जुनी घरं, उन्हाळ्यात कशी गार, दगडाचं काम ते दगडाचं काम, आता तसं होणे नाही. ही दोन मतं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. पण दोघांची नजर एकाच गोष्टीवर अडकलेली आहे, ती म्हणजे दगड. एक दगडाला दोष देतो, दुसरा दगडाची स्तुती करतो. माझं म्हणणं असं आहे की हे घर दगडाचं नव्हतंच. ते लाकूड, माती आणि दगड या तिघांचं होतं, आणि त्याची सगळी गोष्ट या तिघांच्या जोडांमध्ये आहे. घर पडलं ते जोडांमध्ये पडलं, आणि आजही आपण जोडाकडे बघायला तयार नाही.

आधी घर बघू. बाहेरून आत जाऊ.

गावाला ‘पांढरी’ म्हणतात आणि शेताला ‘काळी’. हे तुम्हाला माहीत असेल. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. पीक उत्तम येतं, पण घर बांधायला ती नालायक. गावठाणाची माती पांढरी, पिढ्यान् पिढ्या माणसांच्या वस्तीनं झालेली, कमी फुगणारी. भिंतीत घालायची ती हीच आणि छतावर टाकायची तीही हीच. म्हणजे गाव ज्या मातीवर उभं आहे तीच माती उचलून गावानं डोक्यावर घेतलेली होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

गल्लीतून बघितलं तर घराला तोंडच नसतं. दोन-तीन फूट जाड, काही ठिकाणी त्याहूनही जाड, काळ्या दगडाची सलग भिंत. खिडकी नाही, असली तर वर कुठेतरी झरोका. एकच दार, जाड सागवानी, आत अडसर. दारातून आत आलात की ढाळज. इथे बाहेरचा माणूस बसतो. त्यापुढे उघडा चौक, चौकाच्या बाजूंनी ओसऱ्या, एका अंगाला जनावरं. मागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर. भिंतीच्या पोटात कोनाडे, आणि धान्य ठेवायला बळद. वर सपाट मातीचं छत, त्याला माळवद म्हणतात. माळवदावर उन्हाळ्यात झोपायचं, मिरच्या, डाळी, कुरडया वाळवायच्या. सलग घरं असली की बायका या माळवदावरून त्या माळवदावर जायच्या. गल्ली पुरुषांची होती, माळवद बायकांचं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

घर मोजायचं ते खणांत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. ‘अमक्याचं घर बारा खणांचं’ असं लोक सांगायचे. बघा, मोजमाप भिंतीचं नाही, खांबांचं आहे. घराचा मालकच सांगतोय की घर मुळात लाकडाचं आहे. खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या फळ्या नाहीतर बारीक काटक्या, त्यावर पाला आणि मग माती. पूर्ण पद्धतशीर घरात छताचं वजन खांब घेतात. दगडी भिंत बाजूनं उभी असते, ती ऊन, चोर आणि नजर अडवते.

या रचनेचं गुणगान करायला हरकत नाही. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना आत माणूस झोपू शकतो, कारण एवढी जाड भिंत आणि एवढी माती तापायलाच दिवस लागतो. चौकातून हवा वर जाते. सगळं सामान दोन-चार कोसांच्या आतलं. आजकाल ज्याला पर्यावरणपूरक म्हणतात ते सगळं इथे होतं, आणि ते शब्द कुणाला माहीत नव्हते.

पण परीक्षण करायचं तर घरात कोण कुठपर्यंत येऊ शकत होतं हेही बघितलं पाहिजे. ढाळजेच्या पुढे कोण येणार हे जातीनं ठरलेलं होतं. दगड फोडला वडारानं, घडवला पाथरवटानं, पण घर उभं राहिल्यावर त्यांच्यातले किती जण त्या चौकात बसले असतील? सगळ्यात अंधाऱ्या खोल्या मागच्या, आणि दिवसाचा सगळ्यात जास्त वेळ तिथे बाया. गावकुसाबाहेर ज्यांची घरं होती त्यांना ना दगड परवडत होता ना सागवान. तेव्हा ‘आमची जुनी घरं’ म्हणताना ‘आमची’ म्हणजे कोणाची, हा प्रश्न विचारून ठेवू.

आता भिंत फोडून बघू. खरी गोष्ट इथे आहे.

बाहेरून भिंत एकसंध वाटते. प्रत्यक्षात त्या दोन भिंती असतात. एक बाहेरची तोंडाची, एक आतली. प्रत्येक तोंडाला दगडाची बरी बाजू लावलेली, कधी घडीव, बहुतेकदा अनघड. दोन्हींच्या मध्ये जी पोकळी राहते तिच्यात दगडाचे तुकडे, कपच्या, माती असा भराव. सांध्यात चुना नाही, माती. चुना किल्ल्याला होता, गढीला होता. नळदुर्गचा किल्ला बघून या, काळा दगड तोच आहे, पण घडाई आणि चुना वेगळा. यादवकाळातल्या मंदिरांत तर दगड इतका नेमका घडवला आहे की चुन्याचीही गरज पडली नाही. म्हणजे दगडाचं ज्ञान या प्रदेशात नव्हतं असं नाही. ते ज्ञान महाग होतं. ते राजाच्या आणि देवाच्या घरापर्यंत पोचलं, कुणब्याच्या घरापर्यंत त्यातलं थोडं आलं.

या दोन तोंडांना एकत्र बांधायला एक साधी गोष्ट लागते. दर काही अंतरावर भिंतीच्या पूर्ण जाडीइतका लांब एक दगड आडवा घालायचा, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. आपण त्याला आरपार दगड म्हणू, इंजिनिअर ‘थ्रू स्टोन’ म्हणतात. असा दगड असला की दोन भिंतींची एक भिंत होते. नसला की दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी आहेत, हात धरलेले नाहीत, अशी अवस्था.

भूकंपानंतर ज्यांनी पडलेली घरं तपासली, त्यांना या भागात वारंवार हेच दिसलं: आरपार दगड नाहीत. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या नाहीत. आणि लाकडाचा सांगाडा भिंतीशी कुठेच बांधलेला नाही.

असं का झालं? माझ्या मते याला तीन-चार कारणं आहेत, आणि त्यातलं एकही मूर्खपणाचं नाही.

पहिलं, भिंत जितकी जाड तितका तिच्या जाडीइतका दगड मिळणं अवघड. दोन फुटी भिंतीला दोन फुटी लांब दगड लागतो. तो फोडायचा, वाहायचा, उचलायचा, म्हणजे मजुरी वाढली. तीन फुटी भिंत केली तर असा दगड जवळजवळ मिळतच नाही. सुरक्षिततेसाठी भिंत जाड केली, आणि त्या जाडीनंच भिंतीचे दोन तुकडे केले.

दुसरं, वाटण्या. बारा खणांचं घर दोन भावांत, मग चार चुलतभावांत. मध्ये नवी भिंत, जुनी पाडलेली, खांब इकडचा तिकडे. सागवान महाग होत गेलं. मग नवीन बांधलेल्या खोलीत खांब गाळले आणि तुळई सरळ भिंतीवर टेकवली. जी भिंत फक्त आडोशासाठी होती तिच्यावर आता छत आलं. बाहेरून घर तसंच दिसत होतं, पण आतून त्याचं व्याकरण बदललं होतं.

तिसरं, माळवद. दर वर्षी पावसाच्या आधी माळवद गळू नये म्हणून नवी माती टाकायची. जुनी काढून नवी टाकणं कष्टाचं, जुनीवरच नवी टाकणं सोपं. वर्षाला बोटभर वाढ म्हटली तरी एका पिढीत किती होते बघा. मघाशी म्हटलं ना, गावानं आपली माती डोक्यावर घेतली होती. आता साधा हिशेब करू. दहा फूट बाय दहा फुटांची खोली आणि वर दीड फूट माती. दीडशे घनफूट झाले. वजन जवळपास साडेसहा-सात टन. एका खोलीवर. भरलेला मालट्रक छतावर उभा आहे आणि खाली लेकरं झोपली आहेत, असं समजा. हे वजन कुणी मुद्दाम चढवलं नाही. ते घराची काळजी घेताना, प्रेमानं, दर वर्षी थोडं थोडं चढलं.

आणि चौथं कारण, अनुभव. घर बांधण्याचं शहाणपण संकटातून येतं. इथल्या माणसानं ऊन बघितलं, पाऊस बघितला, दुष्काळ बघितला, दरोडे आणि रझाकार बघितले. त्या सगळ्यांना या घरात उत्तर आहे. मोठा भूकंप त्याच्या आठवणीत नव्हता. आणि त्याच्या आठवणीत नव्हता तसा सरकारच्या नकाशातही नव्हता. तेव्हाच्या भूकंपप्रवण नकाशात हा भाग झोन एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे २००२ मध्ये नकाशा बदलला, झोन एक हा प्रकारच काढून टाकला आणि लातूर परिसर झोन तीनमध्ये आला.

इशारे मिळाले नव्हते असं नाही. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, तिथेही दगडमातीची घरं पडली आणि पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. किल्लारीच्या परिसरातच १९९२ च्या ऑक्टोबरात धक्के बसले, लोक घाबरून बाहेर झोपले. पण दगडी भिंतीत काय करायचं हे गावातल्या गवंड्याला येऊन कुणी सांगितलं नाही.

मग ती पहाट. ३० सप्टेंबर १९९३, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक उशिरा घरी येऊन झोपले होते. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर, ६.२ ते ६.४ अशी सांगितली जाते. जगाच्या हिशेबात हा महाभयंकर भूकंप नव्हता. पण तो उथळ होता आणि वस्तीच्या खाली होता. सरकारी आकडा ७,९२८ मृत्यूंचा. बावन्न गावं पूर्ण उद्ध्वस्त.

त्या काही सेकंदांत घराला काय झालं? भूकंपाचा जोर घरावर आडवा येतो आणि घराच्या वजनाच्या प्रमाणात येतो. जितकं जड घर तितका मोठा हिसका. हिसका बसल्यावर भिंतीची दोन तोंडं एकमेकांपासून सुटली, मधला भराव खाली दबला आणि त्यानं पाचरीसारखी दोन्ही तोंडं बाहेर ढकलली. बाहेरचं तोंड गल्लीत पडलं, आतलं घरात. जिथे तुळई भिंतीवर टेकलेली होती तिथे छत लगेच खाली आलं. मातीनं नाक-तोंड भरलं. गल्ल्या इतक्या अरुंद की बाहेर पडलेला माणूसही समोरच्याच्या भिंतीखाली गेला.

आणि जिथे खांब-तुळईचा सांगाडा पूर्ण होता? पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवलं आहे की अशा घरांपैकी काहींत भिंती पडल्या, पण लाकडाचा सांगाडा माळवदासकट उभा राहिला. साक्षीदार म्हणून हा सांगाडा फार महत्त्वाचा आहे. त्याचं म्हणणं असं, की जुन्या कल्पनेतलं घर अगदीच चुकीचं नव्हतं. त्यात दोन गोष्टींची कमी होती: भिंतीची दोन तोंडं बांधलेली नव्हती आणि भिंत सांगाड्याला बांधलेली नव्हती.

हिमाचलात ‘काठकुणी’ नावाची पद्धत आहे. तिथेही दगड आहे, लाकूड आहे, आणि सांध्यात चुना-सिमेंट काही नाही. पण भिंतीत ठरावीक उंचीवर लाकडाचे आडवे ओंडके जोडीनं घातलेले, कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेले, मधे दगड. लाकूड भिंतीच्या आत आहे, पट्ट्यासारखं. आपल्याकडे लाकूड भिंतीच्या शेजारी आहे, पाहुण्यासारखं. सामान तेच, पण जोड वेगळा. हिमालयातल्या माणसाला भूकंप आठवत होता, आपल्याला नव्हता. एवढाच फरक.

म्हणून इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत अशा घरांना जो शब्द वापरतात त्याबद्दल माझी तक्रार आहे. त्यांना ‘नॉन-इंजिनिअर्ड’ म्हणतात. म्हणजे ज्यात अभियांत्रिकी नाही ते. अहो, बारा खणांच्या घरात उष्णतेचा, पाण्याचा, धान्याचा, सुरक्षिततेचा हिशेब आहे. नाही तो फक्त आडव्या बलाचा हिशेब. ‘यात हा एक हिशेब राहिला’ असं म्हटलं तर दुरुस्ती सुचते. ‘यात विचारच नाही’ असं म्हटलं तर पाडणं सुचतं.

आणि नेमकं तेच झालं. पुनर्वसनाचं काम दोन अंगांनी चाललं.

पहिलं अंग सगळ्यांना माहीत आहे. बावन्न गावं नव्या जागी हलवली. जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातून संस्था आल्या, मनापासून काम झालं, हे नाकारता येणार नाही. पण नव्या गावाचा आराखडा बघा. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, लांब लांब घरं. गाव पूर्वीच्या कितीतरी पट पसरलं. घराचा आकार ठरला जमिनीवर: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, त्याच्या वरच्याला ४००, सात हेक्टरच्या वर जमीन असणाऱ्याला ७५०. बघा, जुन्या गावातली ढाळज गेली, पण कुणाला किती जागा हा प्रश्न गेला नाही, तो आता चौरस फुटांत लिहिला गेला. चौक नाही, बळद नाही, जनावरांना जागा नाही. स्लॅब उन्हाळ्यात तापतो. लोकांनी काय केलं? घराला पुढून-मागून पत्र्याची शेड जोडली. कुणी कुडाचं छप्पर घातलं. बऱ्याच जणांनी स्लॅबच्या घरात सामान ठेवलं आणि आपण बाहेर झोपले. या शेडला अतिक्रमण म्हणणं सोपं आहे. मी तिला लोकांनी केलेलं परीक्षण म्हणतो. जे घरात कमी पडलं ते त्यांनी पत्र्यात लिहून दाखवलं.

दुसरं अंग मात्र फार थोड्यांना माहीत आहे. जी गावं पूर्ण पडली नाहीत, तिथली साधारण दोन लाख घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची असा कार्यक्रम होता. गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं. सरकारी अनुदान कसं मिळतं, भिंतीत काय करायचं, गवंडी काय चुकतोय, हे त्यांनी शिकून घेतलं आणि घरोघर सांगितलं. ज्यांचा दिवस मागच्या अंधाऱ्या खोलीत जायचा त्या बायका आता गवंड्याला भिंतीबद्दल प्रश्न विचारू लागल्या. जुन्या घराच्या इतिहासातला हा मोठा बदल मला वाटतो.

आणि भिंतीत काय करायचं होतं? तेच, आरपार दगड. उभ्या भिंतीत आता दगड कसा घालणार? तर दगड हळूच काढून आरपार भोक करायचं, त्यात आकड्याची लोखंडी सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. झाला आरपार दगड. माळवदावरची जादा माती उतरवायची. दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना एक आडवा पट्टा फिरवायचा. खांब, तुळई, कड्या एकमेकांना पट्ट्यांनी नाहीतर तिरक्या दांड्यांनी बांधायच्या. त्याच वर्षी, १९९३ मध्ये, भारतीय मानक संस्थेनं कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी मार्गदर्शक मानक काढलं. त्यात सांगितलंय, दगडी भिंत दीड फुटापेक्षा जाड करू नका, दर दोन फूट उंचीवर आरपार दगड घाला, आडव्या अंतरात चार फुटांच्या आत. बघा, जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत ही आपली समजूत मानक उलटी करतं. पातळ पण बांधलेली भिंत बरी.

हे सगळं स्वस्त होतं, गावच्या गवंड्याला जमण्यासारखं होतं. तरी पुष्कळ ठिकाणी लोकांनी अनुदान घेतलं आणि जुन्या घराला हात न लावता शेजारी वीट-सिमेंटची एक खोली बांधली. जुन्या घरांचे सागवानी खांब, कोरलेली दारं विकली गेली. जो सांगाडा उभा राहिला होता, तोच बाजारात गेला.

इथे तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, आणि म्हणायलाच पाहिजे: ज्या माणसानं आपल्या हातानं दगडाखालून लेकरं काढली, त्याला तुम्ही आरपार दगडाचं महत्त्व सांगणार? तो परत दगडाखाली कसा झोपेल? हा आक्षेप बरोबर आहे. त्या माणसाची भीती अडाणी नाही. ती त्याच्या डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीवर उभी आहे, आणि त्याला दगडी घरात राहा असं सांगण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. पण त्याच्या भीतीवर आपण, म्हणजे शिकलेल्या लोकांनी, जे उत्तर दिलं ते अर्धवट होतं. आपण त्याला सांगितलं की दगड वाईट, काँक्रीट चांगलं. २६ जानेवारी २००१ ला कच्छचा भूकंप झाला आणि तिथून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. तिथे दगड नव्हता. तिथे खांब आणि तुळईच्या जोडात कमी पडलेलं लोखंड होतं, तळमजला गाड्यांसाठी मोकळा सोडलेला होता. गावातला गवंडी आज स्लॅब टाकतो तेव्हा सळई कुठे वाकवायची, कडी किती अंतरावर बांधायची, हे त्याला कुणी शिकवलंय का? नसेल शिकवलं तर आपण फक्त साहित्य बदललं. राहिलेला हिशेब राहिलेलाच आहे.

आता दुसऱ्या मताकडे येतो. जुन्या घराच्या प्रेमात पडलेल्यांकडे. यांच्यावर जास्त टीका करायला पाहिजे, कारण हे प्रेम वाढतंय. शहरालगतच्या शेतघरांना काळ्या दगडाची पातळ फरशी चिकटवतात आणि त्याला ‘वाडा’ म्हणतात. आत काँक्रीट, बाहेर दगडाचा मुखवटा. तिथे दगडाचं काही काम नाही, वजनही त्याच्यावर नाही आणि गारवाही त्याच्यामुळे नाही. ही निदान निरुपद्रवी हौस आहे. उपद्रव होतो तो खऱ्या जुन्या भिंतीची ‘दुरुस्ती’ करताना. मातीच्या सांध्यांवर वरून सिमेंटची दरज भरतात. भिंत छान, रेखीव दिसते. पण जोत्यातून चढलेली ओल मातीतून बाहेर पडायची ती आता अडते, आतली माती मऊ होते, आणि आतला भराव सुटतोय हे बाहेरून दिसतच नाही. पूर्वी भिंतीला पोट आलं की म्हातारा माणूस काठीनं दाखवायचा, ‘इथं फुगलीय’. आता सिमेंटच्या रेषांनी ते पोट झाकलं जातं. मग ही माणसं म्हणतात, बघा, दगडाचं काम दोनशे वर्षं टिकलं. ते टिकलं म्हणजे कुणीतरी दर वर्षी टिकवलं, हे विसरून.

मी हे आज का सांगतोय? कारण दगडमातीची घरं संपलेली नाहीत. लातूर, धाराशिव, नांदेड, सोलापूर, पलीकडे बीदर, गुलबर्गा, इथल्या गावांत आजही लोक त्यांत राहतात. बहुतेकदा राहतात ती म्हातारी माणसं, कारण पोरं पुण्याला. २०२४ मध्ये हिंगोली परिसरात धक्के बसले तेव्हा नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले. त्यांतल्या कितीतरी जणांच्या डोक्यावर अजून माळवद आहे.

म्हणून शेवटी काही कामाच्या गोष्टी. गावी गेलात तर घराकडे भावनेनं बघाच, पण जरा तपासूनही बघा. भिंतीच्या कडेला डोळा लावून बघा, कुठे पोट आलंय का. माळवदावर किती माती आहे ती एका कोपऱ्यात खणून मोजा. सहा-सात इंचांच्या वर असेल तर जाणत्या माणसाला विचारून, सगळीकडून सारखी, थोडी थोडी उतरवा, आणि पाणी जायला पन्हाळं मोकळी ठेवा. तुळई खांबावर आहे की नुसती भिंतीवर टेकलीय ते बघा. भिंतीवर असेल तर खाली खांब द्यायला सुताराचे दोन दिवस पुरतात. कोपऱ्यात उभी भेग असेल तर ती नुसती बुजवू नका, कोपरा बांधून घ्या. आणि आई-वडिलांची खाट त्या जाड भिंतीच्या मुळाशी असेल तर ती आधी खांबांच्या मधे सरकवा. याला पैसे लागत नाहीत.

आता निकाल द्यायचा झाला तर मी असा देईन. दगडावरचा आरोप सिद्ध होत नाही. पण घर निर्दोष सुटत नाही, कारण त्यात एक जोड खरंच राहिला होता आणि त्याची किंमत हजारो माणसांनी दिली. आणि आपणही सुटत नाही. तो जोड काय होता हे कळून तीस वर्षं झाली, मानक छापलेलं आहे, पद्धत करून दाखवलेली आहे, बायकांनी ती गावोगाव पोचवलेली आहे. तरी अभियांत्रिकीच्या आपल्या बहुतेक वर्गांत दगडमातीच्या भिंतीला एखादा तास मिळतो, आणि गवंड्याला तेवढाही नाही. जुन्या गवंड्याला भूकंप माहीत नव्हता. आपल्याला माहीत आहे.

इथे थांबतो. कुणाच्या गावाकडे असं घर असेल तर प्रश्नोत्तरांत त्याबद्दल जरूर सांगा. भिंत किती जाड, खण किती, वर माती किती, एवढं सांगितलंत तरी पुष्कळ बोलता येईल.